सिंगाईचं पूर्ण तिकीट

"आईला अर्धं तिकीट?" तानूबाई गुरवीण बाकावरून अशी उठली की मागच्या माणसाची टोपी पडली. "बाळासो, मास्तर झालास म्हणून काय वाट्टेल ते बोलशील व्हय रे?"

कंडक्टर बाळासो मगदूम यांचा अंगठा तिकिटाच्या यंत्रावर तसाच राहिला. समोर, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीशी सिंगाई बसली होती. पितळेचा मुखवटा, हिरवं लुगडं, नाकात नथ आणि कपाळभर मळवट. हुपळे गावची थोरली आई वर्षातून एकदा सीमेपलीकडच्या मलिकट्टी गावी धाकट्या बहिणीला, मायव्वाला, भेटायला जाई. आज तोच दिवस होता. दिवे लागायच्या आत बहिणींची भेट व्हायची. हा नेम मोडल्याचं कुणाच्या आजोबांनीही ऐकलं नव्हतं.

"आत्या, अपमान न्हाई त्यो," बाळासो म्हणाले. "बायकांना अर्धंच असतंय. सरकारची सवलत हाय."

"मग आमची आई काय सवलतीत जाणार? पलीकडची माणसं काय म्हणतील?"

"बरं, मग ज्येष्ठ नागरिकांत घालतो. पंचाहत्तरच्या वर वय असलं की तिकीटच न्हाई."

"म्हंजे फुकट?"

सगळी गाडी हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, आईचं आधार कार्ड बघा आधी! जन्मसाल काय टाकलंय?"

यंत्रात आणखी एक खण होता, 'सामान' नावाचा. बाळासोंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खरं तर सगळं पुढचं रामायण त्या एका खणानं टळलं असतं. पण आईला बोचकं म्हणायचं? बाळासोंची छाती फुगली. त्यांनी पूर्ण तिकीट फाडलं, कपाळाला लावलं, आणि देवीच्या ओटीत ठेवलं.

"सिंगाईच्या नावानं..."

"चांगभलं!" गाडीच्या काचा थरथरल्या.

ही गाडी हा बाळासोंचा अभिमान होता, आणि आजची फेरी हा त्या अभिमानाचा कळस. पूर्वी आई बैलगाडीनं जाई. बैल गेले आणि जीप आली. जीप संजू वडापची, माणसं कोंबून भाडं मारणारी. गेल्या साली संजूनं आईला पुढं बसवलं खरं, पण मागं चार करडं कोंबली आणि टपावर खताची पोती चढवली. आई मलिकट्टीत उतरली तेव्हा तिच्या पदराला युरियाचा वास येत होता. बाळासोंना तो दिवसभर झोंबला. देवळातल्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "औंदा आई सरकारी गाडीनं जाईल. मानानं, बाकावर बसून, दिवे लागायच्या आत. माझा शब्द."

संजू खांबाला टेकून दात कोरत होता. "मास्तर, तुमची गाडी नाक्यापर्यंत तरी पोचती का? न्हाई पोचली तर हाक मारा. पण मग पुढच्या सालापासून कायमची माझी जीप. हाय कबूल?"

"हाय!" असं बाळासो म्हणाले. कीर्तनात बुवा सांगतात, देवाला भक्ताचा गर्व खपत नाही. पण तो गर्व देवासाठीच केला असेल तर देव तो मोडत नाही, नुसता जरा वाकवतो. बाळासो ते वाक्य ऐकून मान डोलवायचे. आज त्याचा अर्थ कळणार होता.

गाडी नेहमीचीच होती, रोज सीमा ओलांडून जाणारी. खास गाडी करायचं बाळासोंच्या मनात आलं होतं. पण खास गाडी पलीकडच्या राज्यात न्यायची तर पलीकडच्यांचा वेगळा परवाना लागतो आणि तो यायला दोन जत्रा निघून जातात. म्हणून रोजचीच गाडी बरी. हुपळ्याची माणसं चढली, गाडी भरली, ड्रायव्हर हणमंतानं देवीला हात जोडून गियर टाकला. टाळ वाजू लागले. वाटेत लागलेल्या प्रत्येक गावात बाळासो मुद्दाम दारात उभे राहून खाली वाकत आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत, "आई बसलीया आत. तिकीट काढून."

सीमेवरचा नाका म्हणजे रस्त्याच्या दोन बाजूंना दोन खोपटी. एक अलीकडच्या सरकारचं, एक पलीकडच्या. मधली पांढरी रेघ कधीच पुसून गेली होती. पण ती शोधावी लागत नसे. अलीकडचे खड्डे संपून पलीकडचे खड्डे सुरू झाले, की सीमा आली म्हणून समजायचं.

हणमंतानं गाडीची पुढची चाकं पलीकडं घातली, आणि पलीकडच्या खोपटातून हात वर झाला.

सिद्धलिंगप्पा हुक्केरी हे पलीकडचे निरीक्षक. माणूस शिस्तीचा. त्यांची मिशीसुद्धा दोन्ही बाजूंनी मोजून कापलेली असे. ते गाडीत चढले, देवी पाहिली, बूट खाली काढून पुन्हा चढले, मनोभावे हात जोडले, आणि मग मागं वळून माणसं मोजू लागले.

"मास्तर, एक जास्त आहे."

"कोण?"

हुक्केरींनी बोट दाखवलं. गाडीच्या मधोमध दांडी धरून धुंडाप्पा उभा होता. धुंडाप्पा हा हुपळ्याचा पैलवान. तो उभा असला तर तीन माणसं उभी असल्यासारखं दिसे.

"अलीकडं उभ्यानं चालतंय साहेब," बाळासो म्हणाले.

"अलीकडं चालतं. ते तुमच्या सरकारनं ठरवलंय. पण तुमच्या परवान्यावर आमची सही आहे, आणि आमच्या सहीखाली काय लिहिलंय? सीमेपलीकडं बसायच्या जागा तेवढीच माणसं. उभ्यानं नाही."

"जागांएवढीच हायत की! ह्यो धुंडाप्पा सोडला तर... अं..." बाळासो थांबले. त्यांच्या ध्यानात आलं. माणसं जागांइतकीच होती. पण एका जागेवर माणूस नव्हता.

हुक्केरींनी हळू आवाजात विचारलं, "देवीचं तिकीट कोणतं काढलंय?"

"पूर्ण," तानूबाईनं मान ताठ करून सांगितलं.

"मग ती प्रवासी झाली. सामानाचं काढलं असतं तर मांडीवर घेऊन बसता आलं असतं. मग जागा मोकळी, पैलवान बाकावर, गाडी पुढं. आता मी काय करू?"

"आईला मांडीवर?" तानूबाई म्हणाली. "ती आम्हाला मांडीवर घेती, साहेब. आम्ही तिला न्हाई."

"माझं बाक देतो त्येला," बाळासो म्हणाले. "मी राहतो उभा."

"कंडक्टरचं बाक प्रवाशाचं नसतं. एक माणूस उतरवा, मी गाडी सोडतो. एवढं सोपं आहे."

सोपं होतं. दुसऱ्या कुठल्याही गाडीत सोपंच झालं असतं. माणसांनी एकमेकांकडं बोटं दाखवली असती आणि जो सगळ्यांत गरीब तो उतरला असता. पण ही सिंगाईची गाडी होती.

"मी उतरतो," धुंडाप्पा म्हणाला. "आईसाठी मी चालत जाईन."

"तू का म्हणून?" खिडकीशी बसलेले पाटील उठले. "तुझ्या घराण्यानं गेल्या साली कळस दिला. औंदा पुण्य आमच्या वाट्याला येऊ दे."

"पाटील, तुमचे गुडघे!"

"गुडघे तिनंच दिल्यात, तीच बघंल!" पाटील उतरलेसुद्धा.

ते पाहून सुतार उतरले. सुतार उतरले म्हणून त्यांची बायको उतरली. नवऱ्याला एकट्याला पुण्य मिळू देणाऱ्यांतली ती नव्हती. मागच्या बाकावरचे टाळकरी टाळ वाजवत उतरले. ज्यांचा हुपळ्याशी काही संबंध नव्हता, जे नुसते कामासाठी पलीकडं निघाले होते, तेही 'आपणच कसं बसून राहायचं' म्हणून उतरले. बघता बघता गाडी रिकामी झाली. आत राहिली सिंगाई आणि तिच्या शेजारी तानूबाई.

बाळासोंचे डोळे भरून आले. अशी माणसं, अशी गाडी, असा मान! ते गहिवरून म्हणाले, "साहेब, बघितलंत? एक मागितला, सगळे दिले. सोडा आता गाडी. माणसं मागनं चालत येतील भजन करत."

हुक्केरींनी गाडीच्या आत पाहिलं, बाहेर पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, आता तर मुळीच सोडता येणार नाही."

"का?"

"ह्या गाडीत आता काय आहे? एक देवी आणि तिची पुजारीण. बाकी सगळे पायी, मागून मिरवणुकीनं. म्हणजे ही रोजची फेरी राहिली नाही. ही एका कामासाठी केलेली खास गाडी झाली. खास गाडीला आमचा वेगळा परवाना लागतो. आहे?"

ज्या परवान्याच्या वाटेला बाळासो गेले नव्हते, तो परवाना चालत चालत त्यांच्याच वाटेत येऊन उभा राहिला होता.

"बसा रे! सगळे परत बसा!" ते ओरडले. "एक सोडून सगळे!"

कुणी हललं नाही.

"पाटील, चढा की."

"मास्तर, आईसाठी सोडलेली जागा परत घ्यायची?" पाटलांनी कानाला हात लावले. "दान दिलेली गाय कुणी दावं धरून माघारी आणतं का?"

"धुंडाप्पा, तू तर उभाच होतास. तू काय सोडलंस?"

"मी उभं राहणं सोडलं," धुंडाप्पा म्हणाला.

सूर्य समोरच्या टेकडीकडं कलू लागला होता. बाळासो धावत अलीकडच्या खोपटात गेले. तिथं देशमाने साहेब चहात बटर बुडवून खात होते. हे अलीकडचे निरीक्षक. बाळासोंच्या नोकरीचा लगाम यांच्याच हाती.

"साहेब, तुम्ही सांगा की त्यांना! गाडी आपल्या सरकारची हाय!"

देशमाने बाहेर आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या चाकापाशी आल्यावर त्यांचा आवाज भारदस्त झाला. "हे बघ मगदूम. गाडी आपली. ड्रायव्हर आपला. तू आपला. तू चुकलास तर तुला घरी बसवायचा अधिकार माझा." ते चालत पुढच्या चाकापाशी आले, आणि आवाज खाली आला. "पण ही चाकं पलीकडं आहेत. रस्त्यावर गाडी चालवू द्यायची का नाही, हे त्यांच्या हाती. वरचं दिल्लीचं सरकार म्हणतं, दोघांनी मिळून ठरवा. आम्ही ठरवलंय. फक्त त्यात देवी नव्हती."

"मग तिकीट तरी रद्द करा!"

"फाडलेलं तिकीट आगारात रद्द होतं. आगार मागं. गाडी वळवायची जागाही मागं, माझ्या खोपटासमोर. पण पलीकडं गेलेली चाकं मागं घ्यायलाही त्यांचीच परवानगी लागते."

"आणि हे मागंही सोडत न्हाईत."

"नाही," हुक्केरी म्हणाले.

"नाही," देशमाने म्हणाले. दोघांचं हे पहिलं एकमत होतं.

तेवढ्यात मागून भोंगा वाजला. संजू वडापची जीप आली. आत माणसं, बाहेर लोंबकळणारी माणसं, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. नाक्यावर येऊन संजूनं जीप हळू केली, हुक्केरींना हात केला, देशमान्यांना हात केला, खड्डा चुकवला आणि रेघ ओलांडून पलीकडं जाऊन थांबला.

"ह्याला कोण अडवणार?" बाळासो कळवळून म्हणाले. "ह्याच्यापाशी परवाना हाय का, माणसं किती, उभी किती, बसली किती?"

दोन्ही साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. "तो आपल्या खात्यात येत नाही," देशमाने म्हणाले. "आपल्याकडं फक्त सरकारी गाड्या."

"चला मास्तर, द्या आईला," संजूनं जीपमधून मान बाहेर काढली. "पुढचं बाक रिकामं करतो. येळ जातोय. शब्द जातोय तुमचा."

टाळकऱ्यांचे टाळ गप्प झाले. सगळे बाळासोंकडं बघू लागले. बाळासो गाडीला टेकून उभे राहिले. त्या लाल पत्र्यावर हात ठेवला की त्यांना इंजिनाची धडधड आपल्याच छातीत वाजल्यासारखी वाटे. इतकी वर्षं या गाडीनं पावसात, पुरात, बंदात माणसं पोचवली. आणि आज एक देवी पोचवता येऊ नये?

"न्हाई," ते म्हणाले. "आई कोंबड्यांसंगं जाणार न्हाई."

गाडीतून तानूबाईचा आवाज आला. ती खिडकीतून मोबाईलवर मायव्वाच्या पुजारणीशी मोठमोठ्यानं बोलत होती. तिचा समज असा होता की पलीकडचं राज्य लांब आहे. "व्हय, पारव्वा! थोरली हितं नाक्यावर अडकलीया! म्हणं जास्त झाली! मी सांगते तुला, इतकी सालं मोठीच धाकटीकडं येती. मोठीनंच का म्हणून यायचं दर साली? कुठल्या घरात असं असतंय? धाडून दे तुझ्या मायव्वाला!"

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. तानूबाईनं मोबाईल पदराच्या गाठीत बांधला आणि पाय वर घेऊन बसली. "येतीया धाकटी."

"कशानं?" बाळासोंनी विचारलं.

"मला काय ठावं? पारव्वा म्हणाली, गाडी दारातच उभी हाय."

सूर्य टेकडीला टेकायला आला, तेव्हा पलीकडच्या चढावर धूळ उठली. लोक टाचा उंचावून बघू लागले. धुळीतून आली ती पलीकडच्या सरकारची गाडी. मलिकट्टीहून नाक्यापर्यंत येणारी आणि नाक्यावरूनच माघारी वळणारी. रोजची. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीशी, हळदीनं माखलेला मायव्वाचा मुखवटा होता. शेजारी पारव्वा. दारात कंडक्टर रत्नव्वा, शिट्टी दातांत धरून.

ती गाडी वळवायची जागा होती अलीकडं, देशमान्यांच्या खोपटासमोर. रोज ती तिथंच वळे आणि रोज देशमाने तिच्याकडं न बघता चहा पीत. आज ते दुपारपासून 'माझ्या हाती नाही' म्हणून म्हणून थकले होते. पुढची चाकं रेघ ओलांडून आपल्या हद्दीत आली मात्र, ते ताडकन उठले.

"थांबा!"

पलीकडच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली ती नेमकी हणमंताच्या गाडीला लागून. ड्रायव्हरसमोर ड्रायव्हर, आरशाला आरसा.

"देवीचं तिकीट?" देशमान्यांनी विचारलं.

"काढलंय की," रत्नव्वा म्हणाली. "शून्याचं. आमच्यात बायकांना पैसे पडत नाहीत. बाईमाणूस आलं, जागा होती, दिलं. त्यात काय विचार करायचा?"

बाळासोंनी आपल्या यंत्राकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"ते तिकीट रेघेपर्यंतच चालतं," देशमाने म्हणाले. "रेघेच्या अलीकडं तुमची सवलत नाही. ही गाडी आता माझ्या हद्दीत आहे. मी सोडणार नाही."

"काय ओ देशमाने," हुक्केरी पुढं आले. "आमची रोजची गाडी आहे ती."

"तीही आमची रोजचीच आहे."

दोघे साहेब दोन गाड्यांच्या पुढं एकमेकांसमोर उभे राहिले. एकाची गाडी दुसऱ्याच्या मुठीत, दुसऱ्याची पहिल्याच्या.

इकडं खिडक्यांपाशी वेगळंच चाललं होतं. "पारव्वा, दिसती का गं?" "दिसती की! पण लांब हाय!" ड्रायव्हर समोरासमोर आले होते, पण देव्या बसल्या होत्या त्यांच्या मागं; दोघींमध्ये दोन-तीन हातांचं अंतर राहिलं होतं. सूर्याची वरची कड तेवढी शिल्लक होती.

हणमंतानं खिडकीतून समोरच्या ड्रायव्हरला विचारलं, "अण्णा, हातभर पुढं येतोस?"

"तू हातभर ये, मी हातभर येतो."

दोघांनी आरसे मिटले. दोन्ही गाड्यांच्या मध्ये तळहात उभा मावेल एवढीच फट. हणमंतानं ब्रेकवरचा पाय जरासा सैल केला. असली सफाई परमुलखात कुणी पैसे देऊन बघितली असती. इथं ती दोन सरकारी ड्रायव्हरांनी फुकट दाखवली. पत्र्याला पत्रा न लागता दोन धुडं एकमेकांना घासल्यासारखी पण न घासता सरकली.

"गाडी हलली!" हुक्केरी ओरडले.

"गाडी न्हाई साहेब," हणमंत आतून म्हणाला. "उतार हलला."

खिडकीसमोर खिडकी आली. तानूबाईनं काच सरकवली, पारव्वानं सरकवली. दोघींनी आपापल्या आईला उचललं आणि बाहेर झुकवलं. थोरलीचं कपाळ धाकटीच्या कपाळाला टेकलं. मळवट हळदीला लागला, हळद मळवटाला. त्या क्षणी सूर्य बुडाला.

"सिंगाईच्या नावानं चांगभलं! मायव्वाच्या नावानं चांगभलं!" रस्ता दुमदुमला. टाळ असे कडाडले की संजूच्या टपावरच्या कोंबड्याही ओरडू लागल्या. पाटील गुडघे विसरून नाचत होते. रत्नव्वानं शिट्टी वाजवली, ती थांबवायला नव्हे.

देशमान्यांनी सवयीनं तोंड उघडलं. "प्रवाशांनी डोकं खिडकीबाहेर..."

"देशमाने," हुक्केरी हळूच म्हणाले, "ते डोकं कुणाच्या हद्दीत आहे?"

देशमान्यांनी नीट पाहिलं. दोन्ही कपाळं जिथं टेकली होती, तिथूनच, बरोबर खालून, एक खड्डा संपत होता आणि दुसरा सुरू होत होता. त्यांनी टोपी काढली. हुक्केरींनी आधीच काढली होती.

मग पारव्वा म्हणाली, "तानूबाई, भेट झाली. आता थोरली आमची पाहुणी. द्या इकडं. आजची वस्ती मलिकट्टीत."

सिंगाई एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेली. कुठल्याही सरकारच्या जमिनीला तिचा पाय लागला नाही. मागोमाग तानूबाई मात्र दारातून उतरून, दोन्ही गाड्यांना वळसा घालून, रत्नव्वाच्या गाडीत चढली.

"तानूआत्या," बाळासोंनी विचारलं, "तिथं फुकट चालंल व्हय आईला?"

"बहिणीच्या घरी पाहुणचाराचं पैसं कोण देतं रे?" तानूबाई म्हणाली.

हुक्केरींनी घसा साफ केला. "तुम्ही आमची सोडा. मी तुमची सोडतो."

"सोडली," देशमाने म्हणाले. दोन सरकारांचे अधिकारी ज्यासाठी थंड खोल्यांत बैठकांवर बैठका घेतात, तो करार एवढ्यात झाला. त्याला सह्या लागल्या नाहीत.

दोन्ही देव्यांना घेऊन पलीकडची गाडी वळली आणि चढावर निघून गेली. संजू मात्र अजून थांबला होता. "मास्तर, आई तुमच्या गाडीतनं उतरली की वो! शब्द कुठं ऱ्हायला?"

बाळासोंनी शर्ट नीट केला, बिल्ला सरळ केला. "सरकारी गाडीनं नेतो म्हटलं होतं. मानानं, बाकावर, दिवे लागायच्या आत. कुठल्या सरकारच्या गाडीनं, ते कुठं म्हटलं होतं?"

संजूनं जीप सुरू केली. लोक पोट धरून हसत राहिले.

"चला, बसा आता," बाळासो म्हणाले. "आईनं जागा परत दिल्यात. प्रसाद समजून बसा." प्रसादाला नाही म्हणणारा हुपळ्यात अजून जन्मायचा होता. सगळे चढले. तानूबाईच्या जागेवर धुंडाप्पा बसला, अर्धा बाकावर आणि अर्धा वाटेत. शेजारी, खिडकीशी, सिंगाईची जागा तेवढी रिकामी राहिली. त्या बाकावर हळदीकुंकू सांडलं होतं. तिकडं कुणी पाहिलंही नाही.

हणमंतानं गियर टाकला. तेवढ्यात दारावर थाप पडली. हुक्केरी. बाळासोंनी घाईनं डोकी मोजली. आता काय मोजायचं राहिलं?

पण हुक्केरींनी टोपी बगलेत धरली होती आणि हातात नारळ होता. "मलिकट्टीचं एक द्या. दोन्ही बहिणी एका देवळात बसलेल्या बघाव्यात म्हणतो."

"या की साहेब!" गाडीभर लोक उठायला लागले. "हितं बसा!" "माझ्यापाशी या!"

"बसा, बसा," हुक्केरी म्हणाले. "तुम्ही उठलात तर तुम्ही उभे. कुणीतरी उभं राहणारच." त्यांनी त्या एका रिकाम्या जागेकडं पाहिलं, नमस्कार केला, आणि धुंडाप्पानं दुपारी धरली होती तीच दांडी धरून उभे राहिले.

गाडी रेघ ओलांडून पलीकडं गेली. बाळासोंनी घंटी दिली, पूर्ण तिकीट काढलं आणि अदबीनं त्यांच्या हातात ठेवलं. मग त्यांना राहवेना.

"साहेब, एक विचारू? पलीकडं उभ्यानं चालत न्हाई न्हवं?"

हुक्केरी खड्ड्यागणिक डुलत होते. मागं टाळ पुन्हा सुरू झाले होते. त्यांनी तिकीट खिशात घातलं आणि नारळ छातीशी घट्ट धरला.

"नाहीच चालत," ते म्हणाले. "पण माझी पाळी संपली, मास्तर. आता तो अधिकार रात्रपाळीवाल्याचा. आणि तो अजून जेवायला गेलाय."